चांद्याचा दगड, वरोऱ्याचा कोळसा आणि जमशेटजींची बावीस वर्षं

पालघर : वाड्याहून कुडूसकडे निघालं की रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधलेले मोठे ट्रक उभे दिसतात. काहींत भंगार असतं. काहींत काळपट, भोकं पडलेले, जळक्या विटेच्या तुकड्यांसारखे दिसणारे खडे असतात. त्याला स्पंज आयर्न म्हणतात. डोंगरातून काढलेला लोखंडाचा दगड भट्टीत भाजून, त्यातला प्राणवायू काढून टाकून केलेला हा माल. सळईचे कारखाने तो विकत घेतात, भंगाराबरोबर विजेच्या भट्टीत वितळवतात आणि त्यातून घराच्या स्लॅबची सळई निघते. तिकडे बोईसरला तारापूर एमआयडीसीत पत्रे, तारा, स्टेनलेसचे बार बनवणारे कारखाने आहेत. टाटा स्टीलचा तारेचा कारखानाही तिथंच आहे. आपल्या जिल्ह्यात लोखंडाची एकही खाण नाही, तरी हजारो घरांची चूल लोखंडावर पेटते.

दगड कुठला, तो भाजतं कोण, विकत घेतं कोण, हा प्रश्न एका माणसाने आयुष्याची बावीस वर्षं मनात धरून ठेवला होता. जमशेटजी नसरवानजी टाटा. टाटा म्हटलं की लोकांना ताज हॉटेल आठवतं, ट्रक आठवतो, मीठ आठवतं. पण त्यांच्या लोखंडाची गोष्ट जमशेदपूरला सुरू झाली नाही, ती सुरू झाली आपल्याच महाराष्ट्रातल्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरमध्ये. आणि तिथं ती फसली. हे फसणं फारसं कुणी सांगत नाही.

नवसारीचा मुलगा

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. डहाणू, उंबरगाव, संजाण ओलांडून रेल्वेने वर गेलं की नवसारी येते. तेव्हा ती बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती. घर पारशी पुरोहितांचं. पिढ्यान् पिढ्या धर्मकार्य करणारं. वडील नसरवानजी घरातले पहिले, ज्यांनी पुरोहितपण सोडून मुंबईत व्यापार धरला. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला मुंबईला बोलावून घेतलं. जमशेटजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८५८ मध्ये बाहेर पडले आणि वडिलांच्या पेढीत लागले. लगेच पुढच्या वर्षी हाँगकाँगला रवाना. तिकडे कापूस आणि अफू यांचा व्यापार होता. त्या काळात मुंबईच्या बहुतेक मोठ्या पेढ्या याच दोन मालांवर उभ्या होत्या, हेही लपवायचं कारण नाही.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध १८६५ मध्ये संपलं तसा भाव कोसळला. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते, हातात कागदी हुंड्या होत्या आणि त्यांची किंमत रातोरात शून्यावर आली होती. त्यांनी पळ काढला नाही. देणेकऱ्यांना समोर बसवून खरी परिस्थिती सांगितली. एकाच मालावर सगळं लावलं की काय होतं, हे ज्या वर्षी कांदा रस्त्यावर ओतावा लागतो त्या वर्षी शेतकऱ्याला कळतं. जमशेटजींना ते पंचविशीत कळलं.

१८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडाची गिरणी केली आणि दोन वर्षांत नफ्यात विकली. त्याच दशकात मुंबईहून वसई, पालघर, बोईसर, डहाणू करत गुजरातकडे जाणारी रेल्वे सुरू झाली होती. वैतरणेवरचे पूल, खालचे रूळ, इंजिनं, सगळं विलायतेतून जहाजाने आलेलं. नवसारीला जायचं तरी इंग्रजांच्या लोखंडावरून जायचं. देशात डोंगरच्या डोंगर लोखंडाच्या दगडाचे, आणि साध्या रुळासाठी सहा-सात हजार मैलांवरून माल. यात काहीतरी चुकतंय, हे कळायला फार शिक्षण लागत नाही. पण ते दुरुस्त करायला काय लागतं, याचा अंदाज त्या वेळी फार थोड्यांना होता.

गिरणी नागपूरलाच का?

लोखंडाकडे जाण्याआधी नागपूरला थांबावं लागेल. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, हे ठरलेलं. जमशेटजींनी हिशोब उलटा मांडला. कापूस विदर्भात पिकतो, तो मुंबईला नेण्याचं भाडं द्यायचं आणि विणलेलं कापड पुन्हा त्याच मुलखात विकायला न्यायचं भाडं द्यायचं, कशाला? नागपूरला कापूस जवळ, कोळसा फार लांब नाही, रेल्वे पोचलेली. त्यांनी शहराजवळची दलदलीची जागा स्वस्तात घेतली आणि मातीचे ढिगारे टाकून भरायला सुरुवात केली. तिथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. त्याला वाटलं हा माणूस सोनं मातीत पुरतोय. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं म्हणतात, की मातीतून सोनं निघालं.

१ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली घेतली आणि सूत वाईट निघालं. ती चूक मान्य करून त्यांनी चांगली यंत्रं आणवली. इंग्लंडच्या गिरण्यांनाही ज्याची खात्री नव्हती ते रिंग स्पिंडल तिथं बसवून पाहिले. व्यवस्थापनाला बेझनजी मेहता हा रेल्वेतला माणूस घेतला, ज्याला सुताचं काही माहीत नव्हतं पण माणसं आणि माल हलवणं माहीत होतं. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी १८८६ मध्ये सुरू केला, कायदा यायच्या कितीतरी आधी.

कच्चा माल जिथं तिथं कारखाना, हा धडा त्यांनी नागपूरला घेतला. तोच पुढे लोखंडाला लावायला गेले, आणि तिथं तो अर्धाच लागू पडला.

१८८२ चा अहवाल

१८८२ मध्ये जमशेटजी त्रेचाळीस वर्षांचे होते. रिटर फॉन श्वार्त्स नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथं उत्तम प्रतीच्या लोहखनिजाची टेकडी आहे, असं त्यात होतं. गावाचं नावच लोहारा. म्हणजे लोकांना हे आधीपासून माहीत होतं, साहेबाने फक्त लिहून काढलं. त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारची कोळशाची खाण चालू होती आणि तिथपर्यंत रेल्वेही आली होती. नागपूर हाकेच्या अंतरावर. दगड आहे, कोळसा आहे, रेल्वे आहे. आणखी काय पाहिजे?

इथं थोडं समजून घ्यायला हवं. लोखंडाचा दगड म्हणजे गंजलेलं लोखंडच समजा. लोखंड आणि प्राणवायू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. अगदी शुद्ध दगडातही शंभर किलोला सत्तर किलोच्या आसपास लोखंड. ते सुटं करायचं तर प्राणवायूला ओढून नेणारं काहीतरी पाहिजे, आणि ते काम कोळसा करतो. पण कुठलाही कोळसा नाही. मोठ्या झोतभट्टीत वरून दगड, कोळसा आणि चुनखडी यांचे थर टाकतात, खालून गरम हवेचा झोत मारतात. या सगळ्याचं ओझं कोळशावर पडतं. तो भुसभुशीत असला तर चुरा होतो, हवेच्या वाटा बुजतात आणि भट्टी गुदमरते. म्हणून आधी कोळसा बंद भट्टीत भाजून त्याचा कोक करतात, कडक आणि सच्छिद्र. ज्या कोळशाचा असा कोक होतो तोच चालतो.

वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना हे सांगावं लागणार नाही. तूस कुठं घालायचं, लाकूड कुठं, दगडी कोळसा कुठं, याचा अंदाज चुकला की अख्खी भट्टी कच्ची निघते. कातकरी कुटुंबं पूर्वी जंगलात लाकडाचा कोळसा पाडायची, त्यांनाही कुठल्या झाडाचा कोळसा किती ताव धरतो ते तोंडपाठ. देशात लोखंड गाळणारे अगरिया लोक असाच लाकडाचा कोळसा वापरून हातभर उंचीच्या मातीच्या भट्टीत चांगलं लोखंड काढत होते. पण त्या भट्टीतून दिवसाला काही किलो निघे. रेल्वेचे रूळ त्यातून होत नाहीत.

जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीला नेऊन तपासून घेतले. निकाल आला : या कोळशाचा कोक होत नाही, या भट्टीला हा चालणार नाही. त्यात सरकारचे खाणींचे नियम असे, की परवाना घेणाऱ्याच्या हातात फार काही उरत नव्हतं. लोहाऱ्याचा दगड चोख होता. दगड नापास झाला नाही, कोळसा नापास झाला.

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर एक तर तसाच कारखाना काढून बुडाला असता, किंवा दगड जहाजात भरून बाहेर विकला असता. तसे बुडालेले त्यांच्यासमोर होतेच. दक्षिणेत पोर्टो नोव्होला एका इंग्रज कंपनीने भट्ट्या घातल्या होत्या, त्या बंद पडल्या. बंगालमध्ये बराकरजवळ दुसऱ्या एका कंपनीने सुरुवात केली होती, ती धडपडत होती. आणि कच्चा दगड विकण्याचं म्हणाल, तर पुढच्या काळात रेडी आणि गोव्याच्या बंदरांतून जपानच्या भट्ट्यांना वर्षानुवर्षं तेच गेलं. भात खळ्यावरच व्यापाऱ्याला घालायचं आणि तांदूळ दुकानातून घ्यायचा, तसं. मधला फरक गिरणीवाल्याचा.

जमशेटजींनी कागद बाजूला ठेवले. पण फेकले नाहीत. लोखंड, कोळसा, खाणी यांबद्दल जे छापून येईल त्याची कात्रणं ते जमवत राहिले. एक नाही, दोन नाही, सतरा वर्षं.

पुन्हा उघडलेला कागद

१८९९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मेजर माहोन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्याची वेळ आली आहे असा अहवाल दिला, आणि लॉर्ड कर्झनच्या सरकारने खाणींचे नियम सैल केले. जमशेटजी साठीचे झाले होते. पैसा होता, नाव होतं, तब्येत मात्र साथ देत नव्हती. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी त्यांची सरकारशी झटापट चालू होती, मुंबईत ताज हॉटेलचं बांधकाम, लोणावळ्याच्या पावसाच्या पाण्यावर वीज करण्याचा विचार. या वयात माणूस हात आखडता घेतो. यांनी चांद्याचा कागद पुन्हा उघडला.

१९०० मध्ये लंडनला जाऊन ते भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टनना भेटले आणि सरकारचा विरोध राहणार नाही याची खात्री करून घेतली. १९०२ मध्ये अमेरिका. त्रेसष्ट वर्षांचा हा म्हातारा तिकडच्या भट्ट्या, कोळसा भाजायच्या बॅटऱ्या, खाणी हिंडत राहिला. अलाबामात बर्मिंगहॅमला गेला, पिट्सबर्गला गेला. तिथं ज्युलियन केनेडी हा मोठा अभियंता भेटला. त्याने सांगितलं, नुसत्या तपासणीलाच प्रचंड खर्च येईल, आणि शेवटी हाती काहीच लागलं नाही असंही होऊ शकतं. जमशेटजी खर्च करायला तयार होते. केनेडीने न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिनचं नाव दिलं. पेरिन आपल्या कचेरीत बसलेला असताना एक अनोळखी, परदेशी पोशाखातला गृहस्थ आत आला, काही वेळ त्याच्याकडे नुसता बघत राहिला, आणि मग हिंदुस्थानात येऊन लोखंड, कोळसा, चुनखडी शोधाल का असं विचारता झाला. पेरिनने आयुष्यात त्या माणसाला पाहिलं नव्हतं. तरी त्याने होकार दिला.

जमशेटजींचं शहाणपण इथं दिसतं. बावीस वर्षं ज्या टेकडीचं स्वप्न पाहिलं, तिच्यावरही त्यांनी डोळे झाकून पैसे लावले नाहीत. आधी माहीतगार माणूस, मग नमुने, मग हिशोब, आणि कारखाना सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बोअरवेल मारताना पाणाड्याच्या नारळावर लाख-दीड लाख रुपये जातात, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

पेरिनचा सहकारी वेल्ड चांदा जिल्ह्यात आला. जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी त्याच्याबरोबर जंगलात शिरले. सोबत जमशेटजींचा भाचा शापुरजी सकलातवाला. हाच तरुण पुढे इंग्लंडला जाऊन कम्युनिस्ट झाला आणि ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आला, ती गोष्ट वेगळी. चांद्याचं ऊन, वाघाचं रान, बैलगाड्या, मैलोन् मैल पाणी नाही. प्यायच्या पाण्याची इतकी टंचाई, की चहा सोडावॉटरमध्ये केला असं सांगतात. वेल्डने टेकड्या मोजल्या, दगड तोडले, तपासले. लोहाऱ्याचा दगड चांगलाच, पण मोठ्या कारखान्याला वर्षानुवर्षं पुरेल एवढा साठा एका जागी नाही. आणि कोळशाचा प्रश्न १८८२ मध्ये होता तिथंच. चांदा दुसऱ्यांदा हातचा गेला.

दोराबजी हे सांगायला नागपूरला अधिकाऱ्यांकडे गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा होता, आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग गडद रंगवलेला, लोखंड असल्याची खूण. तो नकाशा प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भतज्ज्ञाच्या १८८७ च्या पाहणीवरून झालेला. वेल्ड आणि दोराबजी तिकडे धावले. धल्ली-राजहराच्या टेकड्यांवर चालताना बुटाखाली धातूचा आवाज येई, इतका तो दगड भारी. सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास लोखंड. साहेब त्या दिवशी जागेवर असते तर हा नकाशा दिसलाच नसता.

पण इथंही तेच. दगड अप्रतिम, योग्य कोळसा आणि पाणी जवळ नाही. या टेकड्यांचं सोनं पुढे स्वातंत्र्यानंतर झालं. भिलाईचा सरकारी कारखाना धल्ली-राजहराच्याच दगडावर उभा आहे.

जे त्यांनी पाहिलं नाही

प्रमथनाथ बोस हे सरकारच्या भूगर्भ खात्यात वरच्या श्रेणीत काम करणारे पहिले हिंदी अधिकारी. खात्याचा प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ इंग्रजाला ती जागा दिली. बोस नोकरी सोडून मयूरभंज संस्थानच्या महाराजांकडे गेले. तिथं ओडिशाच्या जंगलात त्यांना गोरुमहिसाणीची टेकडी सापडली. २४ फेब्रुवारी १९०४ ला त्यांनी जमशेटजींना पत्र लिहिलं, की इथं लोखंड आहे आणि झरियाचा कोळसा लांब नाही. झरियाच्या कोळशाचा कोक होतो. कलकत्ता बंदरही जवळ.

पत्र आलं तेव्हा जमशेटजी खंगले होते. मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई गेल्या. उपचारांसाठी ते युरोपात होते. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाद नाउहाइम इथं त्यांनी देह ठेवला. वय पासष्ट. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या पारशी स्मशानभूमीत त्यांना ठेवलं आहे. ज्या जर्मनीत वरोऱ्याचा कोळसा तपासला होता, तिथंच अखेर झाली. गोरुमहिसाणी त्यांनी पाहिली नाही, भट्टी पाहिली नाही, एक किलो लोखंड पाहिलं नाही.

राहिलेलं काम दोराबजी, त्यांचे चुलतनातलग रतनजी दादाभाई आणि बरजोरजी पादशहा यांनी उचललं. भांडवलासाठी आधी लंडनचा बाजार ठोठावला. तिथं अटी अशा, की कारखान्यावर ताबा त्यांचाच राहावा. मग १९०७ मध्ये मुंबईत समभाग काढले. स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती. टाटांच्या कचेरीबाहेर सकाळपासून रात्रीपर्यंत रांग, श्रीमंत-गरीब, बायका-पुरुष. तीन आठवड्यांत लागणारं सगळं भांडवल सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी भरलं. पुढे खेळत्या भांडवलाला ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी कर्जरोखे घेतले. २६ ऑगस्ट १९०७ ला टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली.

माल घेणार कोण, हा प्रश्न त्यांनी भट्टी पेटवण्याआधीच सोडवला, हे शेतकऱ्याने बारकाईने बघावं असं आहे. रेल्वे बोर्डाचे प्रमुख सर फ्रेडरिक अपकॉट यांनी चेष्टा केली होती, की टाटांनी रेल्वेच्या कसोटीला उतरणारे रूळ केलेच तर त्यातलं प्रत्येक पौंड लोखंड आपण खाऊन दाखवू. पण सरकारने आयातीच्या भावात दरवर्षी वीस हजार टन रूळ दहा वर्षं घ्यायचं मान्य केलं. हमीभाव नाही, पण हमी खरेदी. तिच्याशिवाय कारखाना सुरुवातीची वर्षं तगला असता का, शंका आहे.

जागा ठरली साक्ची, सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ. नदी जवळ, रेल्वेचं कालीमाटी स्टेशन जवळ. साक्ची हे आदिवासींचं गाव. आजूबाजूच्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. त्यातले बरेच जण, संथाळ, हो, भूमिज, नंतर त्याच कारखान्यात आणि खाणींवर मजूर म्हणून लागले. गोरुमहिसाणीच्या दगडाची रॉयल्टी महाराजांना गेली. टेकडीखाली पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना मजुरी. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्या गावांतल्या माणसांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. जमशेटजींनी दोराबजींना लिहिलेल्या पत्रात कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावलीची झाडं, खेळायला मैदानं, देऊळ-मशीद-चर्चला जागा ठेवायला सांगितलं होतं. ते बऱ्याच अंशी झालंही, आणि त्या काळात असं कुणी करत नव्हतं. पण ते पत्र कामाला येणाऱ्यांसाठी होतं. आधीपासून तिथं असलेल्यांचं काय, हे त्यात नव्हतं.

२ डिसेंबर १९११ ला साक्चीच्या भट्टीतून पहिलं कच्चं लोखंड वाहिलं. १६ फेब्रुवारी १९१२ ला पहिली पोलादाची लादी निघाली. चांद्याचा अहवाल वाचल्याला तीस वर्षं झाली होती. दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. मेसोपोटेमिया, पॅलेस्टाइन, पूर्व आफ्रिका इथल्या लष्करी रेल्वेला दीड हजार मैलांचे रूळ टाटांनी पुरवले. अपकॉटसाहेबांनी काही खाल्लं असं ऐकिवात नाही. दोराबजी म्हणे गमतीने सांगत, की खाल्लं असतं तर त्यांना अपचन झालं असतं. जानेवारी १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साक्चीला येऊन गावाचं नाव जमशेदपूर केलं. कालीमाटी स्टेशनचं टाटानगर झालं.

चांद्याचं पुढे काय झालं?

वरोऱ्याच्या कोळशाचा कोक आजही होत नाही. पण लोखंड काढायची दुसरी रीत आली. दगड वितळवायचाच नाही. लांबलचक फिरत्या नळीसारख्या भट्टीत, साधारण हजार अंशांवर, साध्या कोळशाबरोबर तो भाजायचा. प्राणवायू निघून जातो, दगड दगडाच्याच आकाराचा राहतो आणि आत भोकं पडतात. हेच स्पंज आयर्न. याला कोक लागत नाही. जो कोळसा १८८२ मध्ये नापास झाला, तसल्याच कोळशावर हे होतं.

चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला स्पंज आयर्नचा कारखाना आहे, वरोऱ्याहून फार लांब नाही. दगड येतो सुरजागडहून, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातून. जमशेटजींच्या वेळी तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. टाटांच्या कंपनीच्या नोंदणीचा वाढदिवस आणि गडचिरोलीचा वाढदिवस एकाच तारखेला येतात, हा निव्वळ योगायोग. सुरजागडच्या खाणीला तिथल्या अनेक ग्रामसभांनी विरोध केला, रस्त्यावरच्या ट्रकांच्या वाहतुकीवरून आंदोलनं झाली. खाण चालू आहे. आता नुसता दगड बाहेर जाऊ नये म्हणून गडचिरोलीतच चामोर्शी तालुक्यात कोनसरीला त्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभा राहिला आहे.

कुडूसच्या रस्त्यावरच्या ट्रकातला माल कुठल्या खाणीचा, हे ड्रायव्हरच्या कागदावर लिहिलेलं असतं. कधी रायपूर असतं, कधी बेल्लारी, कधी चंद्रपूर. भट्टीवर तो तोलला जातो, नमुना प्रयोगशाळेत जातो, लोखंड किती टक्के निघतं ते बघून भाव ठरतो, आणि मग ट्रक रिकामा होतो.